आत्याबाईंचं मौन

"दूध हाय का म्हशीची आंघूळ आणलीस रं? काल च्यात वतलं तर च्या पांढरा व्हायचा सोडून..."

एवढं बोलून माझ्या सासूबाई थांबल्या.

दूधवाला भगवान चरवी हातात धरून पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिला. त्याला रोजची सवय होती. म्हशीपासून सुरू झालेला उद्धार त्याच्या वडिलांपर्यंत पोचला की मग माप भांड्यात पडायचं. पण त्या दिवशी आत्याबाईंनी उजवा हात गालाजवळ नेला, गालाला न लावता तसाच हवेत धरला, डोळे मिटले आणि दुसऱ्या हातानं चौकट घट्ट पकडली. थोड्या वेळानं डोळे पुसले आणि एक शब्द न बोलता आत निघून गेल्या.

"वहिनी, माझं काय चुकलं का ओ?" भगवाननं घाबरून मला विचारलं. शिवी मिळाली नाही म्हणून माणूस कासावीस झालेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

या गोष्टीला तीसेक वर्षं झाली असतील. तासगावात आम्हा पिसे मंडळींचं शिलाईचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. थोरले दीर मुरलीधर दुकान बघायचे आणि थोरल्या जाऊबाई त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायच्या. आमचे हे एस.टी.त कंडक्टर, म्हणजे घरी पाहुण्यासारखे. नणंद कुमुद दुकानात बसून ब्लाउज शिवायची. तिची सत्ताविशी उलटली होती आणि त्याची काळजी तिच्यापेक्षा गल्लीला जास्त होती. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणायची पद्धत. आमच्या आत्याबाईंच्या तोंडाचा दरारा असा, की नळाला पाणी सोडायचं नसेल त्या दिवशी नगरपालिकेचा माणूस सायकल आमच्या गल्लीतनं न घालता वळसा घेऊन जायचा.

अशी बाई गप्प झाली. दुपारी गप्प, संध्याकाळी गप्प, दुसऱ्या दिवशीही गप्प. आमच्या घरात पंखा कुरकुरतो हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

निदान केलं मुरलीधर भाऊजींनी. त्यांना कुठल्याही गोष्टीचं निदान करायला वेळ लागत नसे.

"आईनं मौन धरलंय," ते जेवताना म्हणाले. "वय झालं की माणूस आत वळतं. चांगलं लक्षण आहे."

जाऊबाईंनी मान डोलावली. आत वळलेली आई समोर बसून दुधात कुस्करलेली भाकरी चमच्यानं डाव्या गालात सरकवत होती आणि प्रत्येक घासाला थांबत होती. पण लक्षण चांगलं ठरलं होतं, त्यामुळे तिकडं बघायचं कारण उरलं नव्हतं.

बातमी गल्लीभर झाली. भजनी मंडळाच्या बायका नारळ घेऊन दर्शनाला आल्या. "आमच्यासारख्या मुळात गप्प बसणाऱ्या बायकांचं काय कौतुक," मंडळाच्या लीलाबाई म्हणाल्या. त्या गप्प बसलेल्या कुणी पाहिलं होतं, देव जाणे. "पण इंदूताईंनी गप्प बसायचं म्हणजे खरं तप!" आत्याबाईंनी त्यांच्याकडं असं काही बघितलं, की एरवी लीलाबाई नारळासकट जिना उतरल्या असत्या. पण मौनातल्या बाईचा राग हे तेज असतं. लीलाबाईंनी वाकून नमस्कार केला आणि बाजूच्या बाईला सांगितलं, "बघ, चेहऱ्यावर केवढं तेज आलंय."

तेज आलं होतं ते अर्ध्याच चेहऱ्यावर. दुसऱ्या दिवशी मोरीवर मी पाहिलं, आत्याबाई तोंडाची डावीच बाजू धूत होत्या. उजव्या गालावर साबणाचं बोटही फिरत नव्हतं. खिडकीतनं वारं आलं, पदराचं टोक उडून त्या गालाला नुसतं चाटून गेलं, आणि आत्याबाई जागच्या जागी थिजल्या. तोंड उजवीकडं ओढलं गेलं, डोळ्यातनं पाणी वाहायला लागलं. तोंडातनं आवाज मात्र नाही. मग एकदम सुटका झाल्यासारखा त्यांनी श्वास सोडला.

"आत्याबाई, काय होतंय?"

त्यांनी हातानं मला बाजूला व्हायची खूण केली. मी हलले नाही. तेव्हा ओठ न हलवता, दातांतल्या दातांत त्या म्हणाल्या, "दाढ."

दाढ म्हटल्याबरोबर मौनाचं तप संपलं आणि उपायांचं सुरू झालं. मला तोवर कल्पना नव्हती, की तोंडाच्या दुखण्यानं एवढी माणसं पोळलेली असतात. जो येई त्याच्या तोंडात काही ना काही दुखून गेलेलं होतं, आणि ज्याचं जे दुखलं होतं तेच आत्याबाईंचं दुखत होतं. ज्यांची दाढ किडली होती त्यांनी लवंगेचं तेल आणलं. असे सगळ्यात जास्त. ज्यांचं तोंड येत असे त्यांनी तोंडल्याचा पाला आणि तुरटी सांगितली. जाऊबाईंचा जबडा जांभई देताना कटकन वाजायचा, त्यांनी शेकायला विटकर तापवली. एकाला सर्दीनं गाल ठणकायचा, तो वाफ घ्यायला सांगून गेला. आत्याबाईंचं दुखणं यांतलं कुठलंच नसेल, ही शक्यता कुणालाच पटण्यासारखी नव्हती. असलं दुखणं मग आधी दुसऱ्या कुणाला झालेलं असायला नको?

त्याच आठवड्यात गावात मोफत दंतशिबिर होतं. मंडप, फलक, हार, एका पुढाऱ्याच्या हस्ते टूथपेस्टच्या ट्यूबचं पूजन. सांगलीहून डॉ. सरनोबत आले होते. उंचेपुरे, अंगात पांढराशुभ्र कोट, हातात छडी आणि मागं दातांचा रंगीत तक्ता. त्यांनी आधी भाषण केलं.

"मंडळी, तोंड आणि चेहरा दुखणं हे किती सामान्य आहे बघा. सहा महिन्यांचा हिशेब धरला तर शंभरातल्या वीसेक जणांचं इथं कुठं तरी दुखून गेलेलं असतं. त्यात पहिला नंबर दाताचा, शंभरात दहा-बारा. मग तोंड येणारे, सात-आठ. मग जबड्याच्या सांध्याचे, पाचेक. गाल किंवा चेहरा दुखणारा एखाद-दुसरा. जिभेची, तोंडाची नुसती आग होणारा एखादा. आणि एक चेहऱ्याच्या शिरेचं दुखणं असतं, वीज चमकल्यासारखी कळ येते. बोलताना येते, तोंड धुताना येते, वारं लागलं तरी येते. पण ते लाखात चार-दहा जणांना. तेव्हा तुमच्यापैकी कुणालाही ते नाही, निश्चिंत राहा."

मंडपातले लोक निश्चिंत झाले. मी बायकांच्या रांगेतनं उठून उभी राहिले.

"डॉक्टर, तासगाव तालुक्याची वस्ती दोन लाखांच्या वर असेल ना? मग आमच्यात आठ-दहा तरी असतीलच."

लोक हसले. डॉक्टरही हसले. "ताई, लॉटरीचं तिकीट कधी काढलंय का? लागलं होतं का?"

यावर तर मंडप गदगदला.

त्यांची तपासायची पद्धतही भाषणासारखीच होती. आत्याबाईंना त्यांनी खुर्चीत बसवलं. मी वाऱ्याचं सांगितलं, पदराचं सांगितलं, अर्ध्या वाक्यात थांबल्याचं सांगितलं. ते ऐकत ऐकत आरसा तोंडात घालून बसले होते.

"उजवीकडची ही दाढ जरा काळी आहे," ते म्हणाले. "ताई, सगळ्यात जास्त काय असतं? दात. मग आधी दात बघायचा. सरळ हिशेब आहे."

हिशेब खरोखरच सरळ होता. दाढ निघाली. चार दिवस बरं वाटल्यासारखं झालं, मग वीज पुन्हा चमकायला लागली. मुरलीधर भाऊजी त्यांना सांगलीला घेऊन गेले. सरळ हिशेबानं शेजारची दाढ निघाली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी काढण्याजोगं काही सापडेना तेव्हा हिशेब बदलला. "माझ्या बाजूनं काही राहिलेलं नाही. मनाचं असेल. या वयात लक्ष वेधून घ्यायला माणसं असं करतात." भाऊजींनी हे घरी येऊन मोठ्यानं सांगितलं, आत्याबाईंच्या समोर. त्यांनी नुसतं बघितलं. दोन दाढा गेल्यानं त्यांचा गाल खोल गेला होता, आणि वजन इतकं उतरलं होतं की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

पण आईच्या गप्प बसण्याचा भाऊजींना एक उपयोगही झाला होता.

विट्याचे माळवदे म्हणून एक कापडवाले होते. तीन मजली दुकान, वय पंचेचाळीस, बायको वारलेली. त्यांचं स्थळ कुमुदसाठी दोन वर्षांपासून फिरत होतं. माळवद्यांना तासगावात तयार कपड्यांची शाखा काढायची होती आणि ती मुरलीधर भाऊजींनी चालवावी असं दोघांचं ठरत आलं होतं. लग्न हा त्या शाखेचा पाया होता. पण स्थळाचं नाव निघालं की आत्याबाई कडाडायच्या, "त्या माळवद्याच्या उंबऱ्याला माझी पोर शिवणार न्हाई!" मध्यस्थाला त्यांनी एकदा केरसुणी दाखवली होती. का नको, हे विचारायच्या फंदात कुणी पडलं नाही. आत्याबाईंना भगवानचं दूधही नको असायचं.

आता विरोध बंद पडला होता. एका रविवारी भाऊजी घरी येऊन म्हणाले, "येत्या गुरुवारी कुमुदचा साखरपुडा. माळवदे स्वतः येतायत."

"आत्याबाईंना विचारलं का?" मी म्हटलं.

"विचारलं की. काही बोलली नाही. म्हणजे संमती आहे."

"त्यांना बोलताच येत नाही, भाऊजी."

"मग काय करायचं? तिला बोलता येईपर्यंत कुमुदला म्हातारी करायची?"

कुमुद शिवणयंत्रावर वाकली होती. तिनं मान वर केली नाही. घरात बोलायचं खातं आईकडं असल्यामुळं तिला कधी बोलायची सवय लागली नव्हती.

त्या दिवशी मी ठरवलं. यांची मंगळवारी मिरजेची ड्युटी होती. घरात मी माहेरच्या मावशीला बघायला जाते म्हणून सांगितलं, सोबतीला आत्याबाईंना घेतलं आणि यांच्याच गाडीत बसवलं. खिडकीतनं वारं येऊ नये म्हणून काचेला यांची घडी केलेली चादर लावली. तरी गाडी खड्ड्यात गेली की आत्याबाई माझं मनगट धरायच्या. त्यांची नखं रुतत होती. यांनी ते बघितलं आणि तिकीट फाडायचं विसरून तसेच उभे राहिले. नंतर पुढं जाऊन ड्रायव्हरला म्हणाले, "सावकाश घे बाबा. आई आहे गाडीत."

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात आम्हाला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. त्यांचं नाव शमा मुजावर. त्यांनी तोंडात आरसा घातला नाही. माझं सगळं ऐकून घेतलं. कळ किती वेळ टिकते, मधे पूर्ण बरं वाटतं का, एकाच बाजूला येते का, असं एकेक विचारत गेल्या. मग कापसाचं टोक घेऊन डाव्या गालावरनं फिरवलं. काही नाही. उजव्या गालाजवळ तेच टोक नेलं तसा आत्याबाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू दे. नाही लावत," त्या म्हणाल्या. "कळलं मला. वीज पडल्यासारखं होतंय ना?"

आत्याबाईंनी मान हलवली. आणि मग ती बाई, जिला रडताना आमच्या घरात कुणी बघितलं नव्हतं, ती त्या परक्या मुलीसमोर रडायला लागली. त्या रडण्यानंही कळ येत होती. तरी ती थांबत नव्हती.

"चेहऱ्याच्या शिरेचं दुखणं आहे. मनाचं नाही आणि दाताचंही नाही. आता एकही दात काढायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपण आधी रक्त तपासू. नंतर डोक्याचा फोटोही काढू. गोळी कमी मात्रेनं सुरू करते, हळूहळू वाढवू. सुरुवातीला गुंगी येईल, तोल जाईल, जीभ जड झाल्यासारखी वाटेल. घाबरू नका. गुण यायला काही दिवस लागतील."

"गुरुवारपर्यंत येईल का?" मी विचारलं.

त्या हसल्या. "गुरुवारी काय आहे?"

काय सांगणार? तिथं बसून साखरपुड्याची कथा सांगण्यात अर्थ नव्हता.

परतीच्या गाडीत आत्याबाईंना पहिल्या गोळीनं झापड आली. माझ्या खांद्यावर डोकं टाकून त्या तासगावपर्यंत झोपल्या. बुधवारी त्यांचे शब्द दारू प्यायल्यासारखे लडबडत येत होते. जाऊबाईंनी ते ऐकलं आणि भाऊजींना सांगितलं. भाऊजी म्हणाले, "डोक्यावर परिणाम झालाय. उद्या तिला बाहेर आणूच नका. आत झोपू दे."

गुरुवारी दुपारी माळवदे आले. सोबत दोन भाऊ, एक मामा आणि पेढ्यांची मोठी परात. आमच्याकडनं गल्लीतली पाच-सहा माणसं, लीलाबाई होत्याच. कुमुदला हिरव्या साडीत पाटावर बसवलं होतं. तिचा चेहरा मापं देताना हात वर करून उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकासारखा होता.

"मुलीच्या आईंना बोलवा की," माळवद्यांचे मामा म्हणाले.

"आईची तब्येत बरी नाही," भाऊजी घाईनं म्हणाले. "तिनं मौन धरलंय. तिची संमती आहे. तुम्ही ओटी भरायला घ्या."

"संमती कुणी दिली?"

आवाज आतल्या दारातनं आला होता. आत्याबाई उभ्या होत्या. केस विंचरलेले, लुगडं नीट नेसलेलं, शब्द स्पष्ट. एक हात दाराच्या कडीवर.

"म्या न्हाई दिली," त्या म्हणाल्या.

आणि वीज आली. सगळ्यांच्या देखत त्यांचं तोंड उजवीकडं खेचलं गेलं, डोळा मिटला, अंग ताठ झालं. लीलाबाईंनी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात धरला. मी पुढं धावले तर आत्याबाईंनी हात आडवा करून मला थांबवलं. कळ ओसरेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग पुढं बोलल्या.

"माळवदे, तुमची पयली बायको शालन. पलूसची. तिची आई माझ्या म्हायेरच्या गल्लीतली."

माळवदे सावरून बसले. "त्याचं आता काय..."

"तिच्या पोटात गाठ झाली." पुन्हा कळ. यावेळी त्यांच्या डोळ्यातनं पाणी थेट हनुवटीवर आलं. त्यांनी ते पुसलं नाही. पुसायला गालाला हात लागला असता. "गाठ झाली तर तुमी तिला दवाखान्यात न्हाई नेलं. जीपमदी घातली आन् म्हायेरी पोचती केली. वरीसभर ती तितं अंथरुणात हुती. किती बारी बघाय गेलासा?"

"अहो, दुकानाचा व्याप, माणसांचा तुटवडा..."

"मातीला तरी गेलासा?"

माळवदे पेढ्यांच्या परातीकडं बघायला लागले.

"न्हाई. दिवाळीचा सीझन हुता." हे वाक्य संपवायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. आम्ही सगळे ते थांबणं बघत होतो. "बाईमाणूस दुखण्याला पडलं की पोचती करायची. आज माझ्या पोरीला न्याल, उद्या..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. त्या मुरलीधर भाऊजींकडं वळल्या, आणि एक-एक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मुरली. आई बोलंना, म्हंजी आई मेली, असं धरलंस व्हय?"

भाऊजींनी जाऊबाईंकडं बघितलं. यावेळी मान डोलली नाही.

तेवढ्यात कुमुद पाटावरनं उठली. तिनं पेढ्यांची परात उचलली, माळवद्यांच्या मामांच्या पुढ्यात नेऊन ठेवली आणि म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही." आवाज बारीक होता, पण तिचा स्वतःचा होता. गल्लीतल्या बऱ्याच जणांनी तो पहिल्यांदाच ऐकला असावा.

माळवदे पोहे न खाता गेले. शाखा नंतर त्यांनी भिलवडीत काढली. भाऊजी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला ते फारसं जड गेलं नाही.

पुढं गोळीची मात्रा वाढली, आणि रंगपंचमीच्या सुमाराला आत्याबाई उजव्या गालाला साबण लावायला लागल्या. भगवानच्या म्हशीचे आणि वडिलांचे दिवस पुन्हा भरले. कुमुदनं मागच्या खोलीत स्वतःचं शिवणकाम सुरू केलं, पुढं चार वर्षांनी जयसिंगपूरच्या एका मास्तरांशी लग्न केलं, तेही तिनं स्वतः बघून. आणि सगळ्यात मोठा बदल मुरलीधर भाऊजींत झाला. दुकानात कुणी दाढ धरून आलं की ते कात्री खाली ठेवून सांगायचे, "दाढ काय, कुणाचीही दुखते. आमच्या आईला आहे ते दुखणं लाखात चार-दहांना असतं!" घराण्यात एवढी दुर्मिळ गोष्ट आल्याचा त्यांना फार अभिमान वाटे.

उन्हाळ्यात एका दुपारी मी आणि आत्याबाई घेवडा मोडत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "आत्याबाई, गोळीनं अगदी वेळेवर गुण दिला म्हणायचा. बुधवारी तुम्हाला नीट शब्द फुटत नव्हता आणि गुरुवारी कसं खणखणीत बोललात."

"कसली गोळी?" त्या म्हणाल्या. "बुधवारी रातची बी घेतली न्हाई आन् बेस्तरवारी बी न्हाई."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "घेतली नाही? मग ती कळ..."

"कळ तर हुतीच. गोळी घेतली की जीभ जड व्हायची. मी लडबडत बोलले असते तर मुरली म्हणाला असता, आईच्या डोस्क्यावर परिणाम झालाय. माळवदे बी हसला असता." त्यांनी एक शेंग उचलली, वाकडी दिसली म्हणून पारखली, बाजूला टाकली. "त्या दिशी जीभ धड पायजे हुती. म्हटलं, दुकू दे."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. दारातलं ते थांबणं, परत बोलणं, परत थांबणं, सगळं डोळ्यांपुढनं गेलं.

"तोंड वासून काय बसलीस?" आत्याबाई खेकसल्या. "शिरा काढ त्या शेंगांच्या. मागच्या बारीला भाजीत दोरा लागला मला."

मी मान खाली घातली आणि शिरा काढायला लागले.